महिला एकेरी

सांगलीत असताना मी जिल्ह्याकडून आणि पुढे विद्यापीठाकडून टेबल टेनिस खेळले. लग्नानंतर रॅकेट माळ्यावर गेली. त्याच खेळाच्या जोरावर बेचाळिसाव्या वर्षी मला परक्या देशाच्या राष्ट्रीय महासंघात नोकरी मिळेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

मुलगा इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला आणि त्याच वर्षी नवऱ्याची बदली रुवैसच्या रिफायनरीत झाली. आम्ही राहत होतो त्या अबू धाबीपासून अडीच तासांवर. ते शुक्रवारी दुपारी यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. मधले दिवस शहरातल्या अल रीम आयलंडवर, सत्ताविसाव्या मजल्यावर मी एकटी. लिफ्टमध्ये रोज तीच माणसं भेटायची आणि रोज तेवढंच हसायची. एका मंगळवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी फक्त सुपरमार्केटातल्या मुलीशी बोललेय, तेही "पिशवी नको" इतकंच. दुसऱ्या दिवसापासून मी अर्ज करायला लागले.

राष्ट्रीय महासंघ म्हटलं की मोठी इमारत डोळ्यांसमोर येते. आमच्या दोन खोल्या होत्या. लहान देश, खेळाडू मोजके, म्हणून टेबल टेनिस धरून तीन खेळांचा मिळून एक महासंघ. त्याच कॉरिडॉरमध्ये आणखी चार महासंघ, आणि झेरॉक्सचं मशीन सगळ्यांत मिळून एक. वर सरकारचं क्रीडाखातं, बाजूला ऑलिंपिकची समिती, खाली हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके क्लब. आमच्या बोर्डावरचे सगळे मानद. पोट भरायला प्रत्येकाची वेगळी नोकरी. सेक्रेटरीसाहेब एका सरकारी खात्यात अधिकारी होते. दुपारी दोननंतर पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, त्या पायघोळ अरबी झग्यात, ते ऑफिसात यायचे, आधी घरच्यांची चौकशी, मग गहवा म्हणजे अरबी कॉफी, मग सह्या. मला ते 'उख्ती' म्हणायचे, म्हणजे बहीण.

माझं काम मुख्यतः पत्रांचं. प्रवेशिका, व्हिसा, हॉटेल, आणि सगळ्यांत कटकटीचं म्हणजे 'तफर्रुग'चं पत्र. खेळाडू जिथे शिकतो किंवा नोकरी करतो तिथल्या वरिष्ठांना लिहायचं की स्पर्धेसाठी याला इतके दिवस मोकळं करा. अमुक बँकेत आहे, तमुक पोलिसात आहे, एकाची लष्करी सेवा चालू आहे. मोठ्या देशात कुणाला घ्यायचं यावर भांडणं होतात. आम्हाला काळजी असायची ती आहेत तेवढे तरी सुटून येतील का, याची.

महिलांच्या यादीत एकच नाव होतं.

ती पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैराची. एकोणीस वर्षांची, अबू धाबीच्या विद्यापीठात शिकणारी, मुलींच्या होस्टेलवर राहणारी. वडिलांनी हौसेने घरी टेबल आणलं होतं आणि चार भावांबरोबर खेळून ती तयार झाली होती. भाऊ मोठे झाले, कामाधंद्याला लागले. ही राष्ट्रीय विजेती झाली, कारण त्या वर्षी तिच्यासमोर उभं राहायला दुसरी एकच मुलगी होती, आणि पुढच्या वर्षी तीही नव्हती. आमचे इजिप्शियन कोच पुरुषांच्या संघात बुडालेले असायचे. हिच्यासाठी हॉलच्या कोपऱ्यात बॉल फेकणारं मशीन लावून दिलेलं होतं. संध्याकाळी पाचला यायची, तासभर मशीनशी खेळायची, खाली सांडलेले बॉल स्वतःच गोळा करायची आणि निघून जायची.

एकदा तिच्याकडून पासपोर्टची प्रत घ्यायला मी हॉलमध्ये गेले. ती बॉल वेचत होती. मीही वाकून वेचायला लागले. मग टेबलाच्या पलीकडे पडलेली एक रॅकेट उचलली आणि सहज म्हणून सर्व्हिस केली. जुनी सवय, बॉल तिच्या बॅकहँडला जाऊन एकदम वळला. तिचा फटका नेटमध्ये.

ती बघत राहिली. "अगेन," म्हणाली.

त्या दिवशी मी तिला तीन गेम हरवलं. साडीवर नव्हते हे नशीब, पण चपला काढून अनवाणी खेळले. ती घामाघूम झाली होती आणि खूश दिसत होती. "मॅम, कल आओगे?" तिने विचारलं. तिथल्या बऱ्याच जणांसारखी तिला हिंदी येत होती, घरातल्या कामवाल्यांकडून आणि सिनेमांतून शिकलेली.

दुसऱ्या दिवशी मी बूट विकत घेतले.

मग आमचं रोजच सुरू झालं. सोमवार ते गुरुवार, पाच ते सात. सातनंतर कधीकधी हॉलच्या पायऱ्यांवर बसून करक चहा प्यायचो. मॅमची खाला, म्हणजे मावशी, कधी झाले ते मला कळलं नाही. खेळताना माझ्या तोंडून मराठीच निघायचं. "अगं, थांब जरा!" "घाई नको." "डावीकडे!" "खाली वाक!" पहिल्यांदा तिने अर्थ विचारले, नंतर विचारायची गरज उरली नाही. पाच महिन्यांत ती माझ्याकडून दोन गेम घ्यायला लागली, आठव्या महिन्यात तीन. मी हरले त्या दिवशी तिने संशयाने विचारलं, "खाला, तुमने जान के छोड़ा ना?"

"नाही गं बाई," मी म्हटलं. "माझे गुडघे विचार."

गुरुवारी सात वाजले की मला पुढचे तीन दिवस मोठे वाटायचे. शुक्रवारी नवरा येणार, याचा आनंद व्हायला हवा, व्हायचाही. पण ते आठवडाभराचे दमलेले असायचे. जेवून झोपायचे, उठून पुन्हा झोपायचे. मी त्यांच्या शेजारी बसून ती आज होस्टेलवर काय करत असेल याचा विचार करायचे. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

हिवाळ्यात ताश्कंदला आशियाई पातळीवरची एक स्पर्धा आली. महिला एकेरीत तिची प्रवेशिका मी भरली. पथकप्रमुख सेक्रेटरीसाहेब, आणि मुलगी एकटी जाणार म्हणून सोबत बाई हवी, ती मी. निघायच्या दोन दिवस आधी साहेब ऑफिसात आले ते गहवा न मागता बसले.

"उख्ती, माझ्या खात्याने मला सोडलं नाही," ते म्हणाले. वर्षभर लोकांसाठी तफर्रुगची पत्रं सह्या करून धाडणाऱ्या माणसाला स्वतःच्या साहेबाने नाही म्हटलं होतं. "कोच मुलांबरोबर मस्कतला आहे. तुम्हीच प्रमुख म्हणून जा."

"पण माझा पासपोर्ट भारताचा आहे."

"पथकप्रमुखाच्या पासपोर्टबद्दल नियमात काही नाही. मी वाचलाय. यल्ला, फाइल घ्या."

अशा रीतीने मी एका देशाची पथकप्रमुख झाले. पथक एकूण दोघींचं.

ताश्कंदला संघ व्यवस्थापकांच्या बैठकीत प्रत्येक देशाची पाटी टेबलावर होती. माझ्यासमोर अमिरातीची पाटी, कोटावर त्यांच्या झेंड्याचा बिल्ला. आजूबाजूला कुणाचे तीन जण, कुणाचे चार. ड्रॉ निघाला. पहिल्याच फेरीत आमची गाठ भारताच्या मुलीशी.

बैठक संपल्यावर बाहेर येऊन मी नवऱ्याला फोन केला. "अहो, पहिलीच मॅच इंडियाशी आलीय," एवढं बोलले तोच मागून आवाज आला, "मराठी का?"

भारतीय संघाचे व्यवस्थापक. साठीकडे झुकलेले गृहस्थ, पुण्याचे. कुठल्या शाळेत, कुणाकडून खेळलात, सगळं विचारून झालं. सांगलीतल्या माझ्या सरांना ते ओळखत होते. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग त्यांची नजर माझ्या बिल्ल्यावर गेली.

"मग तुम्ही यांच्याकडून कशा?"

"नोकरी आहे."

"बरं, बरं," ते समजूतदारपणे म्हणाले. "उद्याची तुमची मॅच काय, लवकर आटपेल. मग या आमच्याकडे चहाला."

वाईट हेतूने बोलले नव्हते. खरंच होतं ते. तरी माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भारताच्या मुलीमागे कोच, फिजिओ, ते पुण्याचे गृहस्थ आणि संघातल्या चार मुली येऊन बसल्या. आमच्या बाजूच्या खुर्चीवर मी. निळी जर्सी घातलेली ती मुलगी टेबलाशी आली तेव्हा माझं मन सवयीने तिच्याकडे ओढलं गेलं, हे मी लपवणार नाही. आयुष्यभर त्या जर्सीसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. सतराव्या वर्षी ती मिळावी म्हणून पहाटे उठले होते.

पहिला गेम अकरा-तीन गेला. माझी मुलगी पांढरीफटक. कान झाकणारी पट्टी घामाने चिकटलेली, डोळे फक्त जमिनीकडे. इतकी माणसं तिच्या खेळाकडे बघताहेत अशी वेळच तिच्यावर आली नव्हती. ती खुर्चीपाशी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "खाला, शी इज टू फास्ट."

"तू पण घाई करतेस. थांब. बॉल येऊ दे."

दुसऱ्या गेममध्ये मी दर पॉइंटनंतर ओरडायला लागले. इंग्रजी, हिंदी समोरच्यांना कळलं असतं. अरबी मला यल्ला आणि खलासच्या पलीकडे येत नव्हती. मग जे हॉलमध्ये ओरडायचे तेच ओरडले. "डावीकडे दे! आता आखूड! घाई नको!" ती मान हलवायची आणि तसंच करायची. भारताच्या कोचला कळेना की ही बाई कुठल्या भाषेत सांगतेय. पाच-पाच, सात-सात. पुण्याचे गृहस्थ हसू दाबत उठले आणि कोचच्या कानाशी लागले. मग माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "बाई, आम्हालाही कळतं हो!"

सगळा बाक हसला. मीही हसले. पण तोवर नऊ-नऊ झाले होते. तिने माझीच जुनी सर्व्हिस केली, बॅकहँडवर वळणारी. समोरच्या मुलीचा फटका नेटमध्ये. दहा-नऊ. पुढचा पॉइंट लांबला, आणि ती थांबली, खरंच थांबली, आणि मग मारला. अकरा-नऊ.

मी उभी राहून ओरडत होते. त्या अख्ख्या हॉलमध्ये आमच्या बाजूने टाळ्या वाजवणारी मी एकटी होते, आणि त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढचे दोन गेम भारताने सहज घेतले. मॅच तीन-एक. पुण्याच्या गृहस्थांनी येऊन तिच्याशी हात मिळवायला हात पुढे केला, मग आठवण होऊन मागे घेतला आणि छातीवर ठेवला. "वेल प्लेड, बेटा." मला म्हणाले, "घाम काढलात." चहाला या, असं पुन्हा म्हणाले. मी गेले नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बाहेर बर्फ भुरभुरत होता. बर्फ ती पहिल्यांदाच बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खाला, सच बोलो. तुम्हाला कोण जिंकायला पाहिजे होता?" शेवटचं वाक्य ती मराठीत बोलली, मोडकंतोडकं, माझ्याच शब्दांतून जुळवलेलं.

"सुरुवातीला माहीत नव्हतं," मी सांगितलं. "नऊ-नऊला माहीत होतं. तू."

तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. हॉटेल येईपर्यंत तसंच ठेवलं.

संध्याकाळी सांगलीहून मोठ्या भावाचा फोन आला. त्याने नवऱ्याकडून ऐकलं होतं. "काय, आपण जिंकलो ना?" म्हणाला.

"हो, जिंकलो," मी म्हटलं. फोन ठेवून पलंगाच्या काठावर बसले. खोटं बोलले नव्हते, आणि खरंही सांगितलं नव्हतं. ते ज्याला सांगता येईल असं माणूस मला आठवेना. ती शेजारच्या खोलीत झोपली होती.

परत आल्यावर अहवाल लिहिला. ठरलेला तक्ता होता: स्पर्धा, गट, फेरी, निकाल. 'पहिली फेरी, पराभूत.' एका गेमसाठी त्यात रकाना नव्हता. मी खाली पेनाने दोन ओळी लिहिल्या. सेक्रेटरीसाहेबांनी त्या वाचल्या, खोडल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं शिक्षण संपलं आणि फुजैराच्या बंदरावर एका तेल टर्मिनलमध्ये ती नोकरीला लागली. जाताना तिने मला अत्तराची बाटली दिली आणि दर महिन्याला येईन म्हणाली. इन्शाल्ला, मी म्हटलं. दोनदा आली. पहिल्या स्पर्धेसाठी तिच्या कंपनीने तफर्रुग दिलं, दुसऱ्या वेळी शिफ्ट आहे म्हणून कळवलं. तिसऱ्या वेळी तिने स्वतःच ई-मेल पाठवला, नाव काढून टाका म्हणून. सभ्य, छोटा, 'डिअर सर ऑर मॅडम' असा. त्याला महासंघातर्फे उत्तर लिहायचं काम माझ्याकडेच आलं. 'आपण केलेल्या सेवेबद्दल आभारी आहोत' असं मी टाइप केलं आणि साहेबांच्या सहीला ठेवलं.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, एका बुधवारी दुपारी ऑफिसात असताना तिचा फोन आला. आवाज एकदम मोकळा.

"खाला! हमारे टर्मिनल में टेबल है. रिक्रिएशन रूम में. केरळचे इंजिनिअर, फिलिपिनो, एक पाकिस्तानी अंकल, सगळे खेळतात. मी सगळ्यांना हरवलं. सिर्फ अंकल बाकी है."

"अंकल कसे खेळतात?"

"तुमच्यासारखे. बहुत तंग करते हैं." ती हसली. "शिफ्टनंतर रोज खेळतो आम्ही. यहाँ खेलने वाले बहुत हैं, खाला."

मला आनंद झाला. खरोखरच झाला. अंकलच्या बॅकहँडवर कशी सर्व्हिस करायची ते सांगितलं, आईवडिलांची चौकशी केली. "तुम्ही कुणाबरोबर खेळता आता?" तिने विचारलं. गुडघा दुखतो म्हणून सोडलंय, असं मी सांगितलं. गुडघा तितका दुखत नव्हता.

त्या आठवड्यात पुढच्या वर्षाचा आराखडा क्रीडाखात्याला पाठवायचा होता. पुरुष एकेरी, पुरुष दुहेरी, मुलगे. नावं भरून झाली. महिला एकेरीपाशी मी थांबले आणि साहेबांना विचारलं, "इथे काय लिहू? काढून टाकू का?"

"नको, उख्ती," ते म्हणाले. "एकदा काढलं की परत घालून घ्यायला दोन वर्षं पत्रं लिहावी लागतील. ओळ राहू द्या." त्यांनी सही केली आणि घड्याळाकडे बघून उठले.

मी ओळ ठेवली, नावाची जागा मोकळी सोडली, आणि तीन प्रती काढायला कॉरिडॉरमधल्या मशीनपाशी जाऊन रांगेत उभी राहिले.