समतेचं वायफाय आणि आत्याची पोपटी

तुमच्या घरात वायफायची डबी कुठे बसवली आहे? पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी, जिथे घरातले पुरुष पाय पसरून बसतात तिथेच ना? आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसाच्या फोनला किती काड्या येतात, हे कधी पाहिलंत?

आमच्या खालापूरच्या घरात एकही येत नव्हती.

मी हा प्रश्न अन्याय म्हणूनच हाती घेतला. माझा इलाज नव्हता. बाबा खोपोलीच्या कारखान्यात युनियनचे कार्यकर्ते. मी बाराखडी शिकले तीच त्यांच्या पत्रकांवर. (चौथीत गाईवरच्या निबंधाचा शेवट मी ‘जाहीर निषेध’ असा केला होता. कशाचा, ते गाईलाही कळलं नसेल.)

निमित्त झालं आत्याचं. शाळेतून निवृत्त झालेली माझी आत्या आमच्याकडेच राहते. जन्मभर तिने दुसऱ्यांनी ठरवलेला अभ्यासक्रम शिकवला. आता तिला स्वतःच्या मनातलं शिकवायचं होतं. ते म्हणजे पोपटी, आणि तीही ऑनलाइन. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी हे सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात बसवून मडक्यात भरायचं, मडकं उलटं करून भोवती जाळ करायचा. पाणी थेंबभर नाही. पण मडकं भरायचं स्वयंपाकघरात आणि पेटवायचं परसात. म्हणजे वर्ग घरभर फिरणार, आणि डबी मात्र बाबांच्या पायाशी.

“जमेल ना गं?” आत्याने विचारलं. “नाशिक, नागपूर, कुठून कुठून माणसं बघणार आहेत. माझा पहिलाच वर्ग आहे.”

“आत्या, रेंज हा तुझा हक्क आहे.”

“हक्क राहू दे. जमेल का ते सांग.”

मी आणखी दोन डब्या आणल्या. माळ्यावरून वायर ओढली, एक डबी स्वयंपाकघरात लावली, एक मागच्या दारी. तिघींना एकच नाव, एकच पासवर्ड. माणूस चालत राहील आणि फोन गुपचूप एकीकडून दुसरीकडे जाईल. (इथपर्यंत मी बरोबर होते, याची नोंद घ्यावी.) मग सेटिंगमध्ये विचारणा झाली: यातली मुख्य डबी कोणती?

तुम्ही असता तर पुढच्या खोलीतली निवडून मोकळे झाला असता. मला घाम फुटला. एक मुख्य, म्हणजे बाकीच्या दोघी दुय्यम? ज्या स्वयंपाकघरासाठी लढा उभारला, त्याच्याच डबीला मी खालचा दर्जा देऊ? मी एकेक डबी उघडली आणि तिन्ही मुख्य करून टाकल्या!

बाबांना छाती फुगवून सांगितलं. ते “बरं” म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

एकेका जागी उभं राहून फोन तपासला, उत्तम चालला. चालत तपासायचं मात्र सुचलं नाही.

रविवारी दुपारी वर्ग सुरू झाला. फोन माझ्या हातात. आत्याने झकास मडकं भरलं, आणि “चला परसात” म्हणत उंबरठा ओलांडला. फोनवर काड्या पूर्ण, आणि विद्यार्थी एकजात थिजलेले. नागपूरचे गृहस्थ तर जांभई देताना थिजले होते.

झालं होतं असं, की मुख्य डबी घरातल्या प्रत्येक फोनला एक पत्ता वाटते. आमच्या तिघी मुख्य, म्हणून तिघीही वाटायला बसल्या. एकीने दिलेला पत्ता दुसरी ओळखेना. (हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त फोन हलवत होते.)

“हरीभाऊ, जाळ जरा थांबवता येईल का?” मी जाळ सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांना विचारलं.

“तुमीच सांगा मडक्याला. माझं काय ऐकत नाय ते.”

आत्या शिकवतच होती. मग तिने फोनमध्ये पाहिलं. “कुठे गेली गं सगळी? जाळ कधी थांबवायचा ते मी आत्ता कोणाला सांगितलं?”

“हरीभाऊंना.”

“त्यांनीच मला शिकवलंय ते.”

तिचा चेहरा उतरला. एवढ्यात आतून बाबा आले. “माझी मॅच का थांबली गं? बरं, मला सांग, मोर्चात घोषणा कोण देतं?”

“एकजण. बाकीचे मागून साथ देतात.”

“तिघांनी तीन बाजूंनी वेगवेगळ्या सुरू केल्या तर?”

“गोंगाट.”

“आणि पुढे देणारा काय बाकीच्यांचा मालक असतो?”

“हे तुम्हाला आधीच माहीत होतं? मग बोलला का नाहीत?”

“सभा तुझी होती. मला बोलायला वेळ दिलाच नव्हतास.”

मी धावले. पुढच्या खोलीतली डबी मुख्य ठेवली, बाकीच्या दोघींना डोळे मिटून ‘सहायक’ केलं. दिवे लुकलुकले, आणि चेहरे एकेक करून परत आले.

“मॅडम, तुम्ही गेलात, पण आम्ही थांबलो होतो,” नाशिकच्या बाई म्हणाल्या.

आत्याने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला. चर्र झालं, म्हणजे पोपटी तयार. हरीभाऊंनी मडकं सुलटं करून पाला काढला, आणि वाफेने फोनची काच धुरकटली.

“आमच्याकडे भांबुर्डा मिळत नाही, काय करू?” नागपूरकरांनी विचारलं.

“खालापूरला या,” आत्या म्हणाली.

मग ताट घेऊन ती परसातून स्वयंपाकघरात आणि तिथून पुढच्या खोलीत गेली. काही कारण नव्हतं, नुसतं चालायचं म्हणून. वर्ग एकदाही तुटला नाही. बाबांसमोर थांबून ती म्हणाली, “हे माझे भाऊ. यांच्याकडे रेंज आधीपासून होती.”

तेव्हा वाचकहो, आज एवढंच करा. फोन घेऊन आपल्या स्वयंपाकघरात उभे राहा, काड्या नसतील तर तिथे एक डबी बसवा. मुख्य कोण, यावर सभा भरवू नका. आणि भरवलीच, तर कृपया मला अध्यक्ष करू नका.