बाबलीने उजळलेल्या रेघा

बाबली घाडीगावकरांच्या उजव्या हाताची तर्जनी सरळ होत नाही. तीस वर्षं चिरेखाणीवर हाताने जांभा दगड फोडला, त्याची ती पेन्शन. खाणीवर मशीन आलं आणि हाताने चिरे काढणारे सगळे घरी बसले. आज बाबलीकाका एकाहत्तर वर्षांचे आहेत. काजूची चार झाडं, भाताचा एक तुकडा, एक म्हैस, बायको शेवंती. आणि सडा.

सडा म्हणजे आमच्या गावाच्या डोक्यावरचा उघडा कातळ. त्या कातळात चित्रं कोरलेली होती. बैलगाडीएवढा एक मासा. पाय फाकवून उभा असलेला, डोकं नसलेला एक माणूस. आणि एक मोठी चौकट, आत नुसत्या वळणावळणाच्या रेघा. तिचा अर्थ आजवर कोणाला लागला नाही, आणि ज्यांनी लावून दाखवला त्यांचं ऐकून हसू यायचं.

धोंडूच्या चहाच्या टपरीवर यावरून रोज भांडण. धोंडू म्हणायचा, पांडवांनी एका रात्रीत काढली. मी म्हणायचो, पांडवांना दुसरा धंदा नव्हता काय रे, जाईल तिथे दगड खणत बसायचे? कणकवलीला कॉलेजात जाणारा समर्थ मोबाईल नाचवत सांगायचा, ही परग्रहावरच्या लोकांची खूण आहे. त्यावर बाबलीकाका कपातला चहा बशीत ओतत शांतपणे म्हणाले होते,

"परग्रहावरसून इले आनी मासो काढून गेले? तेंका थंय बाजार गावलो नाय?"

टपरी हसली. मग मी काकांकडे वळलो. त्यांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं : ही राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची जागा, चित्रं त्यानेच घातलेली, माणसाचा त्यात हात नाही.

"काकानू, तुमी राखणदार डोळ्यांनी बघितलास?"

"तू तुझ्या आज्याच्या आज्याक बघितलस?"

"नाय."

"मगे तू खयसून पडलस?"

मी बिनशिक्षणाचा माणूस. आठवीनंतर जे शिकलो ते तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर आणि माहितीच्या अधिकाराच्या अर्जांतून. देव, भुतं, कौल, यांच्या विरोधात बोलून निम्मा गाव तोडला मी. पण बाबलीकाकांशी भांडायला मला आवडायचं, कारण ते उत्तर द्यायचे. बाकीचे नुसते रागवायचे.

मार्गशीर्षात, जत्रेच्या आधी, काका सड्यावर जायचे. सोबत पाण्याची कळशी, खराटा, दगड कोरायची टाकी आणि हातोडी. रेघांत साचलेली माती काढायची, शेवाळ खरवडायचं, आणि टाकीने प्रत्येक रेघ ठोकून नवी करायची. त्याला ते 'रेघ उजळूची' म्हणत. रेघ बुजली तर राखणदाराला वाट दिसत नाही, असं त्यांच्या बापाने त्यांना सांगितलं, बापाला आज्याने. चार दिवसांचं काम. पाठ मोडून, गुडघे फोडून. कोणी एक रुपया दिला नाही, त्यांनी मागितला नाही. मी त्यावर टपरीवर थट्टा करायचो. ते ऐकून घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वी बातमी आली की सडा चिरेखाणीला जातोय. कागद निघाले होते. मी हरकत घातली : इथे पाच हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, जागा राखून ठेवा. पाच हजार हा आकडा मी कुठून आणला? एका लेखातून. पण लिहिला ठामपणे. प्रांतसाहेबांनी काम थांबवलं आणि तज्ज्ञाकडून पाहणी मागवली. गावात माझी कॉलर ताठ झाली.

आणि तिथेच मी माती खाल्ली. पाहणीच्या पंधरा दिवस आधी मी काकांना म्हटलं, "ह्या वर्सा जरा लवकर उजळा. आनी खोल मारा. सायबांका लांबसून दिसाक व्हयी." उन्हं कडक होती. काका आठ दिवस सड्यावर होते. शेवंतीकाकू मला येऊन शिव्या घालून गेल्या, म्हाताऱ्याला मारशील म्हणून.

पाहणीला साहेब नाही, एक बाई आल्या. शर्मिष्ठा मॅडम. तिशीच्या, टोपी घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. माशाजवळ बसल्या आणि रेघेत बोट घालून तशाच राहिल्या. भिंगातून पाहिलं. दुसरी रेघ पाहिली. चौकटीकडे गेल्या. मला तेव्हाच कळलं की काहीतरी बिघडलंय.

आदल्या दिवशी मला शंका आली होती की टाकीचे ताजे घाव दिसले तर चित्रं जुनी धरणार नाहीत. मी काकांना बजावलं होतं की कोणी विचारलं तर सांगा, आम्ही कधी हात लावला नाही. ते काही बोलले नाहीत. मी ते हो धरलं.

"या कडा इतक्या धारदार कशा?" मॅडमनी विचारलं.

"धार? ती माझी," बाबलीकाका म्हणाले. अभिमानाने म्हणाले. "दर वर्साक मारतंय. ह्या वर्साक खोल मारलंय. ह्या मंगेशान सांगलेन म्हणान."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी टोपी काढली.

"बाबा, दगडाची झीज, त्यावरचा थर, यावरूनच वय काढतात. तुम्ही दरवर्षी तो थरच काढून टाकलात. लोखंडी टाकीच्या खुणा आहेत सगळीकडे. मी काय लिहू?"

मी भडकलो. "देवळाला दरवर्षी रंग देतात, म्हणून देऊळ कालचं होतं काय हो? याच्या बापाने केलंय, आज्याने केलंय!"

"देवळाचे कागद असतात. याचं काय आहे? एखादा जुना फोटो, नोंद?"

काही नव्हतं. सड्याचा फोटो कोण काढणार?

"मला स्वतःला ही चित्रं जुनी वाटतात," त्या म्हणाल्या. "पण वाटतं हे अहवालात लिहिता येत नाही."

मी त्यांना खाणवाल्यांचं माणूस म्हटलं. ते खोटं होतं आणि बोलतानाच मला ते ठाऊक होतं.

अहवालात एक ओळ होती : सदर रेषा आपण स्वतः कोरत असल्याचे स्थानिक इसमाने सांगितले. हरकत फेटाळली गेली. गावाला एवढं पुरलं. पाच हजार वर्षांची चित्रं बाबलीने काढली! टपरीवर समर्थ विचारतो, "काकानू, आमच्या खळ्यात एक सुरमय काढून देशात?" काकांनी टपरीवर येणं सोडलं.

मी त्यांच्या घरी गेलो. शेवंतीकाकूंनी पाणीही विचारलं नाही. काका पडवीत म्हशीचं दावं वळत बसले होते.

"एक खोटा बोललं असतास तर सडो रवलो असतो," मी म्हटलं.

"मी घाडी. ह्या तोंडान गावाचा गाऱ्हाणा देवाक घालतंय. ता तोंड खोटा बोलला तर गाऱ्हाण्यात काय रवला?" दाव्याचा पीळ घट्ट करत म्हणाले, "तुका एक इचारतंय. तुका ती खरीच पाच हजार वर्सांची वाटत होती, तर खोटा कित्याक व्हया होता रे?"

मी उठून निघालो. परतताना वाटेत एक विचार मनात आला : काकांच्या आज्यानेच ही चित्रं काढली असतील तर? आजवर हे कोणाला बोललो नाही.

चैत्रात मशीन सड्यावर चढलं. काकांनी खाणमालकाला निरोप धाडला की माशाला पातं लावण्याआधी मला गाऱ्हाणं घालू द्या. तो हसून हो म्हणाला. मी गेलो, न बोलावता. काकांनी केळीच्या पानावर नारळ आणि विडा ठेवला, डोक्यावरचं फडकं सारखं केलं.

"बा राखणदारा, ह्या सड्याच्या धन्या, आज तुझी जागा मोडतत..."

इथे जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. जमलेले म्हणजे मी आणि मशीनवाले चौघे. मशीनचा ड्रायव्हर विजापूरकडचा. दर खाणीवर ऐकून शिकला असेल, तो जोरात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

"ही पोरां परमुलखातली, पोटासाठी इली, तेंका बाधा करू नको..."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात ता माझा. ता माझ्या पदरात घाल."

ड्रायव्हर म्हणाला. त्याचे सोबती म्हणाले. काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून उभा राहिलो. चूक माझी होती; 'व्हय' म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि त्यांच्या पदरात एक खोटं मी आधीच घालायला गेलो होतो.

त्यांनी नारळ फोडला आणि बाजूला झाले. पातं माशाच्या शेपटीवर उतरलं, तांबडी धूळ उडाली, आणि काका तिच्यातूनच खालच्या वाटेने घराकडे गेले.