कुरणे सरांनी दोन यंत्रं उन्हात धरली

नागसेन कुरणे सरांचं कुणाशी फारसं पटलं नाही. गडमुडशिंगीहून रोज सायकल मारत येऊन त्यांनी शिवाजी पेठेतल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि तेवढ्या काळात तीन हेडमास्तरांशी भांडण काढलं. निवृत्तीनंतर डोळे अधू झाले. माणसं दिसत, पुस्तकातल्या ओळी पुसट होत. "आता चष्म्यानं भागायचं नाही," डॉक्टर म्हणाले. सर त्यांच्यावरही चिडले.

अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं असं वाचायचं यंत्र निघालंय, हे त्यांनी २००९ च्या दिवाळीनंतर ऐकलं. पेठेतल्या धवलनं आपल्या मोबाईलच्या दुकानात परदेशातून तसली दोन मागवली होती. एकाचा पडदा रंगीत, झगझगीत. दुसऱ्याचा करडा, छापील कागदासारखा.

"ह्ये रंगीत घ्या सर. ह्यात गाणी बी वाजत्यात."

"मला वाचायचंय."

सर तासभर काउंटरला उभे राहिले. अक्षर किती मोठं होतं, पान उलटायला किती वेळ लागतो, चार्जिंग किती दिवस टिकतं, सगळं त्यांनी कागदावर उतरवलं. मग कॉम्प्युटरवरून थोडा मराठी मजकूर आत घालायला लावला. दोन्ही पडद्यांवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटले.

"मराठी कोण वाचतंय ह्याच्यावर?" धवल हसला.

"मी."

"घेणार असशीला तर घ्या, न्हायतर बाजूला व्हा. गिऱ्हाईक थांबलंय."

गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजात शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाई. रंगीत यंत्र घ्यायचं त्यांनी ठरवलंच होतं. सर दोन्ही यंत्रं घेऊन पायरीवर गेले आणि उन्हात धरली. बाई मागोमाग आल्या. रंगीत पडद्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, अक्षर एकही नाही. करड्यावरचं इंग्रजी पान स्वच्छ होतं.

"मी गच्चीत बसून वाचते," बाई म्हणाल्या. "विचार करून सांगते." आणि निघून गेल्या.

धवलनं यंत्रं हिसकावून घेतली, सरांचा कागद फाडून गटारात टाकला. "माझं गिऱ्हाईक फोडलंसा. तुमच्यासारख्यास्नी दुकानात घेतलं हीच चूक झाली."

"माझ्यासारखे म्हणजे कसले?" सरांनी विचारलं.

रस्त्यानं जाणारी दोघं थांबली. धवल काचेची पेटी पुसायला लागला. सर उत्तरासाठी बराच वेळ पायरीवर उभे राहिले, मग सायकल काढून गेले.

तसलंच करडं यंत्र त्यांनी लेकीकडून, अक्षताकडून, पुण्याहून मागवलं. सगळ्यात मोठं अक्षर ठेवलं, तर पानावर जेमतेम चाळीस शब्द मावत. तरी एक जाडजूड इंग्रजी चरित्र त्यांनी अकरा दिवसांत संपवलं. दीड वर्षातलं ते पहिलं अख्खं पुस्तक.

मराठीचे चौकोन मात्र गेले नाहीत. कंपनीला त्यांनी चार पत्रं धाडली, उत्तर एकाचंही आलं नाही. मराठी पुस्तकं बायको, धोंडुबाई, वाचून दाखवायची. सर तिचे उच्चार सुधारत. तिसऱ्या चुकीला ती पुस्तक मिटायची. "वाचा मग तुमचं तुम्हीच."

अर्ध्या तासानं ती पुन्हा पान शोधायला लागायची.