भवानीच्या आधी उठायचं नाही

"हाडांत उतरलंय," डॉक्टर म्हणाले.

यांनी शर्टाची बटणं लावता लावता विचारलं, "मग सोमवारी गाळ्यावर बसू ना?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला काय बघता? आजारी ते आहेत, त्यांना सांगा."

मग त्यांनी सांगितलं. प्रोस्टेटचा कॅन्सर. पुरुषांच्या मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते, तिचा. बरा होणार नाही, औषधांनी थोपवता येईल.

मंडईत आमचा भाजीचा गाळा. हे आणि माझे धाकटे दीर बसायचे. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, ही सासऱ्यांची शिस्त. यांना सारखं लघवीला जावं लागायला लागलं, तर यांनी पाणीच तोडलं. सकाळचा चहासुद्धा अर्धा कप. मी उष्णता समजून सब्जा भिजवून देत राहिले. पुढं कंबर दुखायला लागली, तर खापर पोत्यांवर फोडलं. मुलगा हिंजवडीला कंपनीत लागला होता. कंपनीकडून आईवडिलांची तपासणी फुकट होती. मी जाऊन आले. हे म्हणाले, "धडधाकट माणसानं डॉक्टरचं तोंड कशाला बघायचं?"

पाणी तोडल्यानं कॅन्सर होत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण त्रास झाकला गेला आणि वेळ गेला.

दीर शेजारीच उभे होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, "सख्खे भाऊ ना? तुम्हाला धोका जास्त. रक्त तपासून घ्या."

"मला तर काहीच त्रास नाही."

"सुरुवातीला बहुतेकांना नसतोच."

बाहेर आल्यावर दीर म्हणाले, दिवाळीची गर्दी सरू दे, मग बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी हे कमरेला पट्टा बांधून मंडईत गेले. मीही मागोमाग गेले.

"दादा, तू कशाला आलास?"

"तू नाहीस म्हणून."

"मी काय मेलोय का? हा बसलोय की."

"तू रक्त द्यायला गेलायस. ऊठ."

"भवानी तरी होऊ दे."

"भवानी करत बसलो, माझं काय झालं बघतोयस ना?"

दीर तरी हलेनात. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही गेलात म्हणून कोथिंबीर सुकणार नाही. चला." रिक्षात घालून नेलं त्यांना.

या ग्रंथीसाठी रक्तात पीएसए म्हणून एक आकडा बघतात, तो वाढलेला निघाला. नुसत्या त्यावरून कॅन्सर ठरत नाही, म्हणून ग्रंथीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता, पण ग्रंथीबाहेर गेलेला नव्हता. ऑपरेशन झालं. पुढं काही महिने त्यांना लघवी आवरायची नाही, त्याचा राग घरादारावर काढायचे. माझी जाऊ म्हणायची, "चिडू दे. चिडायला माणूस आहे ना!"

हे पुढच्या उन्हाळ्यात गेले. शेवटी फार दुखायचं त्यांना. दीर आता सत्तरीच्या पुढं आहेत, ठणठणीत आहेत.