पितृपक्षानंतरचे दहा किलोमीटर

पंचवटीतल्या गंगाधर गुरुजींनी पळायचे बूट पहिल्यांदा घेतले ते वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. सकाळी रामकुंडावर यजमानांचे विधी, दुपारी जेवण, संध्याकाळी कुणाकडे तरी पूजा. यात पळण्याचा संबंध यावा कुठून?

तो आला ज्योत्स्नाताईंमुळे. आदल्या वर्षी गुरुजींची आई आठ महिने अंथरुणाला खिळून होती. घरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या एका संस्थेतर्फे ज्योत्स्नाताई दर दोन दिवसांनी यायच्या. आईची पाठ पुसायच्या, जखमेची पट्टी बदलायच्या, तिच्याशी गप्पा मारायच्या. आई गेल्यावर गुरुजी म्हणाले, "ताई, तुमच्या संस्थेसाठी मी काही करू शकलो तर सांगा."

ताईंनी जून संपता संपता सांगितलं. "डिसेंबरात आमची दौड आहे, मदत गोळा करायला. दहा किलोमीटर. तुम्ही पळा. गुरुजी का पळताहेत, असं लोक विचारतील. मग तुम्ही आमच्या कामाविषयी सांगा."

गुरुजींनी हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी बूट आणले. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली की ते पहाटे तपोवनाच्या रस्त्याला लागायचे. आधी विजेच्या चार खांबांइतकं पळणं, मग दहा. ऑगस्टअखेर ते न थांबता सहा किलोमीटर पळाले आणि घरी येऊन बायकोला, उत्तराला, तीन वेळा तेच सांगत बसले. उत्तराताई पोस्टात नोकरीला. डबा भरता भरता त्या म्हणाल्या, "ऐकलं हो, अहो. सहा. आता आंघोळ करा." जो यजमान येईल त्याला गुरुजी दौडीचं सांगायचे आणि पुष्कळांनी संस्थेला मदत पाठवलीही.

मग पितृपक्ष लागला. ते पंधरा दिवस गुरुजींना श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळपासून श्राद्धं, आणि दुपारी अडीच-तीनला पानावर वडे, खीर, भाज्या. "आमच्या आईला खीर फार आवडायची, गुरुजी. अजून एक वाटी घ्या," असं कुणी डोळ्यांत पाणी आणून म्हणालं, तर नाही कसं म्हणणार? पाठोपाठ नवरात्र आलं. दिवाळीच्या आधी तापाने दहा दिवस झोपवलं. तुळशीचं लग्न झालं आणि मुहूर्त सुरू झाले. दौडीला चार दिवस उरले तेव्हा गुरुजी वजनकाट्यावर उभे राहिले. पाच किलो वाढले होते, आणि शेवटचं कधी पळालो ते आठवत नव्हतं.

शुक्रवारी ते नाशिकरोडला संस्थेच्या कार्यालयात गेले. नाव काढून घ्या, एवढंच सांगायचं होतं. ज्योत्स्नाताई पिशवी घेऊन बाहेरच पडत होत्या.

"एकलहऱ्याला एक पेशंट बघायचाय. गाडीत बसा, वाटेत बोलू."

ड्रायव्हरसमोर गुरुजींना बोलायचा संकोच वाटला. एकलहऱ्यात फकिराबाबा नावाचे एक गृहस्थ होते. वीज केंद्रातून निवृत्त झालेले, वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आलेला. ताई दर भेटीत त्यांना धरून दारापर्यंत चालवत असत. आज बाबांनी मान हलवली.

"आज नाय, ताई. पाय लय जड हाय."

"बरं, नको."

ताईंनी रक्तदाब तपासला, गोळ्या पाहिल्या. सुनेने दिलेला चहा प्यायल्या, बाबांच्या नातीच्या शाळेची चौकशी केली आणि उठल्या. चालण्याचा विषय पुन्हा काढला नाही. बाबा त्यांच्याकडे बघून हसत होते.

परतीच्या वाटेवर गुरुजींनी एकदाचं सांगून टाकलं. "ताई, माझा सरावच झालेला नाही. तीन महिने गेले. लोकांना सांगून बसलोय, पण मला जमणार नाही."

"मग नका पळू."

गुरुजी गोंधळले. ताई आग्रह करतील, धीर देतील, या अंदाजाने त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. ती सगळी तशीच राहिली.

"आणि चाललो तर?" त्यांनी विचारलं.

"चाला. रस्ता सगळ्यांना तेवढाच आहे," ताई म्हणाल्या आणि फोनवर पुढच्या पेशंटचा पत्ता विचारू लागल्या.

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या मैदानावर चांगलीच थंडी होती. दौड तिथून सोमेश्वरच्या बाजूला जाऊन परत येणार होती. गुरुजींनी सावकाश निघायचं ठरवलं होतं, पण पहिल्याच चौकात एक ओळखीचा यजमान "वा, गुरुजी!" असं ओरडला आणि त्यांचा वेग वाढला. आनंदवल्लीपर्यंत मांड्या भरून आल्या. दम लागला नव्हता, हे विशेष. जन्मभर मोठ्याने मंत्र म्हणून छाती तयार झाली होती, कुरकुरत होते ते पाय. मग त्यांनी जुलैतला हिशेब लावला. दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. थोड्या वेळाने तेही उलटं झालं.

वळणावर पाणी देणारी निकिता नावाची मुलगी टेबल आवरायच्या बेतात होती.

"काका, मागून गाडी येतेय. दमलेल्यांना घेते. बसता का?"

"किती लांब आहे?"

"पाच मिनिटांत येईल."

"मग पाच मिनिटं चालतो," गुरुजी म्हणाले.

गाडी आली. ड्रायव्हरने काच खाली केली, गुरुजींनी हात हलवून नको म्हटलं. गाडी थोडा वेळ त्यांच्या मागे राहिली, मग एका लंगडणाऱ्या मुलाला घेऊन पुढे निघून गेली. रस्ता वाहनांना मोकळा झाला. गुरुजी कडेने चालू लागले. आपल्यामागे कुणीच नाही, हे त्यांना कळलं होतं, आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं याचं त्यांनाच नवल वाटलं. ऊन अंगावर येत होतं. पेरूच्या गाड्यावरच्या बाईने छातीवरचा नंबर पाहून विचारलं, "शर्यत संपली ना, काका?"

"माझी चालू आहे."

तिने अर्धा पेरू मीठ लावून हातात दिला. तो खात खात ते पुढे निघाले.

मैदानात शिरताना त्यांनी शेवटचं थोडं अंतर पळून काढलं. कमान खाली उतरवत होते. एक तास बावन्न मिनिटं लागली होती. ज्योत्स्नाताई आणि उत्तराताई सतरंजीवर बसून बोलत होत्या. उत्तराताई उठल्या, त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"झालं?"

"झालं," गुरुजी म्हणाले आणि तिथेच गवतावर आडवे झाले.

सोमवारी सिन्नरचं एक कुटुंब विधीसाठी रामकुंडावर आलं. गुरुजी पाटावर बसायला गेले तर गुडघे वाकेनात. शेवटी चहावाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खुर्चीत बसून संकल्प सांगू लागले. शेजारच्या गुरुजींनी भुवया उंचावल्या. सत्तरीचे यजमान मात्र कधीचे चुळबुळत होते. त्यांनी हळूच विचारलं, "गुरुजी, मला पण एक मिळंल का? गुडघं लय दुखत्यात."

दुसरी खुर्ची आली. दोघं समोरासमोर बसले आणि गुरुजींनी संकल्प पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला.