जितेपणीचा टाक

तांब्याचा तो पत्रा मी माझ्या हातांनी ठोकला, म्हणून दोष दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता येत नाही. एरवी घातला असता.

मारुंजीच्या बाजूला रस्ते रुंद करायचे होते, आणि त्या आराखड्यात कुणीतरी एक बरी गोष्ट घातली होती: चौकाचौकात गावची कला दिसली पाहिजे. त्या कामावर मला घेतलं. पुण्याचा शिल्पकार, म्हणजे याला संस्कृती कळते, असा सगळ्यांचा समज. माझाही होता.

कासारसाईच्या अंगाला राहणारा एक साठीचा धनगर गजीच्या नाचाला ढोल वाजवायचा. लग्नातली हळद असो की जत्रा, त्याचा ढोल घुमल्याशिवाय माणसं जागची हलत नसत. चौकात त्यालाच उभा करायचा, हे मी ठरवून टाकलं. चित्रं काढायला त्याच्या घरी गेलो, तर देव्हाऱ्यात दोन बोटांएवढे चांदीचे टाक दिसले. पत्र्यावर ठोकून उठवलेली माणसं, वाटोळे डोळे थेट आपल्यावर रोखलेले. मी हरखलो. ढोलवाला याच घडणीत करायचा! देवांच्या शेजारची ती माणसं कोण, हे विचारायचं काही मला सुचलं नाही. ते त्याचे आजा आणि बाप होते. माणूस गेला की त्याचा टाक करून देवांत बसवतात. जित्या माणसाचा कुणी करत नाही. हे तिथलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

पुरुषभर उंचीचा पत्रा मी तीन महिने ठोकत बसलो. पडदा सरकला तेव्हा सोसायट्यांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गावची माणसं दोन पावलं मागं सरकली. ढोलवाल्याची बायको पुढं आली. "आवं, ह्यांचा टाक कुनी केला? ह्ये तर हितं उभं हायेत!"

"आगं, नुसतं चित्तर हाय त्ये," ढोलवाला हसत म्हणाला. "सरांनी लई मेहनत घेतलीया." पण हसणं त्याने मध्येच आवरलं.

आठवड्याने भर दुपारी तिकडून जात होतो. पत्र्यावरचा चेहरा भंडाऱ्याने पिवळा झाला होता. गावच्या कुणीतरी तो वाहिला असणार. ते बघून सोसायटीवाल्यांनी देव समजून नारळ फोडले होते. समोर ढोलवाल्याची मेंढरं उभी होती, सगळी पत्र्याकडं तोंड करून, मान खाली घालून. सावलीला आली असतील म्हटलं, पण सावली पलीकडच्या बाजूला होती. तो स्वतः रस्त्याच्या अल्याड उभा राहून शीळ घालत होता आणि एकही मेंढरू वळून बघत नव्हतं.

"मगाधरनं बोलवतुया," तो म्हणाला. मला हसू आलं होतं, ते त्याचा चेहरा बघून गेलं.

लग्नसराईत तो माझ्या कामाच्या जागी आला. "सर, औंदा मला एक बी सुपारी न्हाई."

"का?"

"टाकात बसलेल्या मानसाला हळदीला कसं बोलवायचं, म्हनत्यात. घरात बी सून आदी चौकाकडं तोंड करून निवद दावती, मग मला वाढती."

तो चिडला असता तर मी सोसलं असतं. तो नुसता आपले हात बघत बसला होता.

पत्रा काढून घ्यावा म्हणून मी कचेरीत अर्ज दिला. पाहणीला आलेल्या साहेबांनी नारळाच्या करवंट्या बघितल्या आणि आधी बूट काढले. "आता हात लावता येणार नाही. लोकांच्या भावना आहेत. आणि लोकांनी तुमची कला आपली मानली, आणखी काय पाहिजे?" माझं टाळकं सरकलं. पण लोकांनी ही कला आपली मानावी, हे काम घेताना मीच लिहून दिलं होतं.

शेवटी छिन्नी घेऊन मीच गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. छिन्नी टेकवली आणि वर बघितलं. ते डोळे मीच ठोकलेले होते, किती घाव घातले तेही मला ठाऊक होतं. तरी मी घाबरलो. छिन्नी पिशवीत टाकून परत आलो.

यंदा जत्रेत गजी त्या पत्र्यासमोरच खेळली. ढोल त्याचा पुतण्या वाजवत होता. ढोलवाला घोळक्याबाहेर, बायकोच्या चपला राखत उभा. ती पत्र्याच्या पाया पडून आली, तसा हा पुढं झाला. स्वतःच्याच कपाळाला त्याने भंडारा लावला, त्या तांब्याच्या, आणि बराच वेळ हात जोडून पुटपुटत राहिला.

तो परत आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंत?"

"म्हनलं, बाबा, तुजी हरकत नसंल तर एकडाव मला ढोल वाजवू दे."