लारिसाच्या आईची मेणबत्ती

गेल्या ईदच्या सुट्टीत आम्ही रशियाला गेलो होतो... कोस्ट्रोमाला. व्होल्गा नदीकाठचं जुनं गाव आणि जिकडे बघावं तिकडे चर्च. शारजातले आमचे सगळे मित्र जॉर्जियाला जातात, पण मला हेच गाव बघायचं होतं. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसातली लारिसा तिथली.

निघताना तिने एकच काम सांगितलं, नदीकाठच्या जुन्या चर्चमध्ये माझ्या आईसाठी एक मेणबत्ती लाव. चार वर्षं आम्ही शेजारी बसतो, पण आईचा विषय तिने कधी काढला नव्हता. आई गेली असणार, असं मीच धरून चालले... आणि असं विचारणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प बसले.

चर्चच्या आत चित्रंच चित्रं, भिंतीचा वीतभर तुकडाही कोरा नाही. डोक्यावर ओढणी घेतली, मेणबत्ती विकत घेतली आणि एका बुटक्या चौकोनी टेबलाकडे निघाले. तिथेच जास्त मेणबत्त्या होत्या ना... गर्दी दिसली की आपले पाय तिकडेच वळतात!

मेणबत्ती खोचणार तोच तिथली एक आजी धावत आली. डोक्याला रुमाल, आणि चेहरा असा, की जणू मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलेय. माझ्या लेकीने फोनवर तिचं बोलणं ट्रान्सलेट केलं.

"मम्मा, धिस टेबल इज फॉर डेड पीपल. शी इज आस्किंग, इज द लेडी अलाइव्ह?"

आता आली का पंचाईत... तिथूनच लारिसाला फोन लावला. कसंबसं विचारलं, आई आहे ना गं? ती म्हणाली, "मला माहीत नाही. सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही."

नवरा दारातून "यल्ला, चला, नदीवरच्या फेरीची बोट सुटेल" म्हणत होता, त्याला हातानेच थांबवलं. आजीला फोनवर टाइप करून दाखवलं... तिच्या मुलीलाच माहीत नाही.

आजीने ते दोनदा वाचलं. राग कुठल्या कुठे गेला. माझ्या हातातून मेणबत्ती घेऊन तिने समोरच्या उंच स्टँडवर लावली, जिवंत माणसांसाठीच्या. मग लेकीच्या फोनमध्ये हळूच बोलली, "मुलीला फोन करायला सांगा. आई नसलीच, तर मेणबत्ती मी त्या टेबलावर हलवीन."

मी ते वाक्य जसंच्या तसं लारिसाला पाठवलं. तिने ते वाचल्याचं दिसलं. दोन दिवस मला चैन नव्हतं... नसती उठाठेव केली असंच वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला. "आई आहे. फोन उचलल्या उचलल्या मला रागावली, इतकी वर्षं कुठे होतीस म्हणून."

जे मी चार वर्षं शेजारी बसून विचारलं नाही, ते त्या आजीने अर्ध्या मिनिटात विचारलं. बोटीच्या घाईत तिचे आभार मानायचे राहिले... म्हणून हे लिहिलं.